माझी बीआरसीए टेस्ट निगेटिव्ह आली, पण आईची झालीच नाही. आता निर्धास्त व्हायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात परत लिहिते. तुम्ही ३१ वर्षांच्या, नागपूरलाच मनीषनगरात राहता. आईला ४३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन, केमो, शेक सगळं झालं, आज ती ५८ची आहे आणि ठणठणीत आहे. मोठी मावशी ५१व्या वर्षी "पोटाच्या कॅन्सरनं" गेली. तुम्ही घरी कुणाला न सांगता बीआरसीए टेस्टचं ऑनलाइन किट मागवलं (बीआरसीए म्हणजे असे दोन जीन, की ते बिघडले तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो), लाळ पाठवली, रिपोर्ट आला "निगेटिव्ह", आणि खाली एका ओळीत एटीएम नावाच्या जीनमध्ये "व्हीयूएस" (अर्थ अजून न ठरलेला बदल) असं काहीतरी लिहिलंय. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे म्हणून हा विषय घरात काढायचाच नाही असं ठरवलंय. आणि विचारताय, मी आता निर्धास्त होऊ का?

अजून नाही. पण घाबरण्यासारखंही तुमच्या लिहिण्यात काही दिसत नाही. अडचण इतकीच आहे की टेस्ट आधी ज्या व्यक्तीची व्हायला पाहिजे होती तिची झालेली नाही. ती व्यक्ती तुमची आई.

मी गेली वीसेक वर्षं याच कामात आहे. ज्या घरांमध्ये स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर परत परत दिसतो त्या घरांची वंशावळ काढायची, रक्त घ्यायचं, जीन वाचायचे, आणि जे निघेल ते घरच्यांसमोर बसून समजावून सांगायचं. नागपुरात बसलं की एकट्या नागपूरचीच माणसं येत नाहीत, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, सगळीकडून येतात, त्यामुळे घरं खूप पाहिली. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, म्हणून खाली बरंच "असं असेल तर" येईल, त्याला इलाज नाही.

आधी निगेटिव्हचं बोलू. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. आईच्या एका प्रतीत बिघाड असेल तर ती बिघडलेली प्रत तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी, न येण्याची निम्मी. आता तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टचे तीन वेगळे अर्थ निघू शकतात. एक, आईमध्ये बिघाड आहे, पण तुमच्याकडे चांगली प्रत आली. हे झालं असेल तर फारच छान, मग त्या बिघाडापुरता तुमचा धोका कुठल्याही साधारण बाईइतकाच. दोन, आईमध्ये असा ओळखता येणारा बिघाड मुळातच नाही, कॅन्सर दुसऱ्या कारणांनी झाला. असं असेल तर तुमच्या निगेटिव्हनं नवीन काहीच सांगितलं नाही, आई आणि मावशीचा इतिहास होता तिथेच आहे आणि तो धरूनच तुमची तपासणी ठरवायची. तीन, घरात बिघाड आहे, तुमच्याकडेही आलाय, पण या टेस्टला तो दिसलाच नाही. तिन्ही वेळा रिपोर्टवर शब्द एकच छापून येतो. यातला कुठला अर्थ खरा हे तुमच्या लाळेवरून कळूच शकत नाही, ज्याला आजार झाला त्याच्या रक्तावरूनच कळतं. म्हणून आमच्या कामाचा पहिला नियम असा की घरात जिला कॅन्सर झालाय आणि जी हयात आहे तिची टेस्ट आधी, आणि दोघी-तिघी असतील तर जिला सगळ्यात कमी वयात झाला तिची.

तिसरा अर्थ लोकांना पटत नाही, "मशीनला कसं दिसणार नाही" म्हणतात, म्हणून तो जरा नीट सांगते. टेस्ट म्हटली की सगळ्या सारख्या नसतात. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि टेस्टना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, घरबसल्या करायच्या एका लाळेच्या टेस्टला परवानगी दिली, ती बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जीनमधल्या फक्त तीन जागा बघायची. त्या तीन जागा अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांमध्ये जास्त सापडणाऱ्या, त्यांच्यात साधारण ४० माणसांमागे एकात त्यातली एखादी असते, म्हणून त्यांच्यासाठी त्या टेस्टला अर्थ होता. या दोन जीनमध्ये हजारो वेगवेगळे बिघाड माहीत आहेत. आपल्याकडच्या कुणबी, तेली, कोष्टी, गोंड, कुठल्याही घरातल्या बाईनं तीनच जागा बघणारी टेस्ट केली आणि निगेटिव्ह म्हणून सुटकेचा श्वास टाकला तर त्या सुटकेला काहीच आधार नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये एटीएमचा व्हीयूएस आलाय, त्यावरून मला वाटतं तुमची टेस्ट तीन जागांवाली नसावी, अख्खे जीन वाचणारं पॅनल, म्हणजे एकदम बरेच जीन बघणारी टेस्ट असावी. ही चांगली गोष्ट. पण अख्खा जीन वाचला तरी एक प्रकार निसटू शकतो. कधी एखादं अक्षर चुकलेलं नसतं, जीनचा मोठा तुकडाच गायब असतो किंवा डबल झालेला असतो. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे वाचताना सगळं जागेवर आहे असंच वाटतं. तो तुकडा शोधायला वेगळं गणित करावं लागतं किंवा एमएलपीए नावाची वेगळी तपासणी लावावी लागते. म्हणून लॅबला मेल करून एवढंच विचारा, "मोठी डिलीशन-डुप्लिकेशन बघितली होती का, कुठल्या पद्धतीनं, आणि कोणकोणत्या जीनची?" उत्तर लेखी घ्या.

माझ्याकडे आलेलं एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. सातपुड्याच्या पायथ्याकडचे लोक, थोरली मुलगी शिकलेली, नोकरीवाली, तिनं तुमच्यासारखीच एकटीनं टेस्ट करून घेतली, निगेटिव्ह. चार वर्षं ती निवांत होती, तपासणीला पण गेली नाही, "मला काय गरज". मग आईच्या दुसऱ्या स्तनात गाठ आली म्हणून आई आमच्याकडे आली, आम्ही तिचं रक्त लावलं, बीआरसीए-१ चा एक मोठा तुकडा गायब निघाला. मुलीला परत बोलावलं, नेमकी तीच जागा बघितली, तिच्यातही होता. पहिल्या लॅबच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की या पद्धतीत मोठे बदल तपासले जात नाहीत. ते पान तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. तिला तोपर्यंत काही झालं नव्हतं, नंतर तिची एमआरआय आणि मॅमोग्राफी नियमानं सुरू झाली, पण ती चार वर्षं मला आजही टोचतात.

आता मावशी. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं हेच वाटलं आणि तुम्ही ते अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात. आपल्या बाजूला "पोटाचा कॅन्सर" या शब्दात जठर, आतडं, लिव्हर, गर्भपिशवी, अंडाशय, सगळं येतं. सख्ख्या बहिणीला ४३व्या वर्षी स्तनाचा आणि ही ५१व्या वर्षी पोटाच्या कॅन्सरनं गेली, असं ऐकलं की आमच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, अंडाशयाचा तर नव्हता? कारण स्तन आणि अंडाशय हे दोन्ही एकाच घरात असणं ही बीआरसीएची सगळ्यात जुनी ओळखीची खूण आहे, आणि मावशीचा अंडाशयाचा निघाला तर अख्ख्या घराचं चित्रच बदलतं.

हे शोधायचं कसं? "कोणता कॅन्सर होता?" असं विचारू नका, उत्तर "पोटाचा"च मिळेल. असं विचारा, पोट फुगलं होतं का, पोटातून पाणी काढायचे का, किती वेळा, दवाखाना कोणता, गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं का. आणि कागद मागा. माझा अनुभव सांगते, विदर्भातल्या घरात माणूस जातो पण त्याची दवाखान्याची पिशवी जात नाही. गोदरेजच्या कपाटात, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, एक्स-रेच्या खाकी पाकिटासकट ती असतेच. एकदा एक मावसभाऊ अशीच पिशवी घेऊन आले, वर रबर बांधलेलं, ते हातात तुटलं इतकं जुनं. डिस्चार्ज कार्डावर निदानाची ओळ पाण्यानं पुसली गेली होती, काही वाचता येईना. पण मागं पिन केलेल्या लॅबच्या चिठ्ठ्या होत्या, दर महिन्याला एक, आणि प्रत्येकीवर एकच तपासणी, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारा रक्तातला आकडा), आकडा आधी हजाराच्या वर, मग केमोनंतर खाली, मग परत वर. औषधाच्या कागदावर पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, अंडाशयाच्या कॅन्सरला नेहमी देतात ती केमोची जोडी. निदान पुसलं गेलं तरी डॉक्टर कशावर इलाज करत होते हे त्या चिठ्ठ्यांनी सांगितलं, बहुतेक अंडाशयच. पुढं पॅथॉलॉजीचा जुना रिपोर्ट मिळाला आणि त्यात तेच निघालं. तेव्हा मावशीच्या मुलांकडे ही पिशवी आहे का बघा. इथल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला दाखवलं असेल तर केसपेपरचा नंबर मिळाला तरी पुष्कळ झालं, त्यावरून रेकॉर्डला विचारता येतं.

आईच्या फाइलमध्ये पण एक ओळ शोधा. बायॉप्सीच्या रिपोर्टखाली ईआर, पीआर आणि हर-२ असे तीन निकाल असतात, कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनचे आणि वाढीचे कोणते ग्राहक आहेत ते सांगणारे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर बीआरसीए-१ ची शंका वाढते. नसतील तर शंका संपत नाही, बीआरसीए-२ मधले बरेच कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असतात.

मी वयाबद्दल इतकं का विचारते, त्यामागे या विषयाचा सगळा इतिहास आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं की स्तनाच्या कॅन्सरसारख्या सर्रास होणाऱ्या, शंभर कारणं असलेल्या आजारामागे एखादा एकटा जीन असूच शकत नाही. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं घरं गोळा केली, वंशावळी काढल्या, आणि ही घरं आजार किती वयात आला त्या क्रमानं लावून बघितली. कमी वयात आजार आलेल्या घरांमध्ये १७ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या एका ठिकाणी स्पष्ट खूण दिसली, उशिरा आलेल्या घरांमध्ये दिसेना. सगळी घरं एकत्र मिसळली असती तर ती खूण झाकलीच गेली असती. हे १९९० साली, एकूण २३ घरांवरून. मग तो जीन नेमका हाताला लागायला १९९४ उजाडलं, तो बीआरसीए-१, आणि १३ नंबरच्या क्रोमोसोमवरचा बीआरसीए-२ १९९५ मध्ये. पुढं एका कंपनीनं या जीनवर पेटंट घेतलं, अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या लॅबला टेस्ट करता येईना, शेवटी २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निसर्गात आहे तसा जीन कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. आजही मी वंशावळ काढायला बसले की गोल काढते बाईसाठी, चौकोन पुरुषासाठी, आणि प्रत्येकाखाली पहिल्यांदा लिहिते ते वय. गेल्याचं नव्हे, आजार पहिल्यांदा कळला तेव्हाचं. लोक गेल्याचं वय सांगतात, त्यात पाच-सात वर्षांचा फरक पडतो.

आणि बाबांची बाजू विसरू नका! हे मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे समज आहे की हा बायकांचा आजार म्हणजे आईकडूनच येणार, म्हणून आत्याचं कुणी सांगतच नाही, चुलत आजीचं तर नाहीच. पुरुषांमध्ये हा बिघाड मुकाट्यानं बसून राहतो, बऱ्याचदा त्यांना काहीच होत नाही, आणि मुलींमध्ये उतरतो. काही पुरुषांना होतंही, विशेषतः बीआरसीए-२ असेल तर प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि क्वचित पुरुषांना स्तनाचा कॅन्सरसुद्धा. तुमच्या घरी शंका आईकडूनच दिसतेय, तरी एकदा काकांना फोन करून विचारा.

आता आईला सांगायचं कसं. तुम्ही लिहिलंय, "तिला परत त्या आठवणीत ढकलायचं नाही." हे मी समजू शकते. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही, ही टेस्ट आधी आईच्याच उपयोगाची आहे, तुमच्या नंतर. तिच्यात बिघाड निघाला तर तिच्या दुसऱ्या स्तनाला धोका आहे, तिचं अंडाशय अजून आत असेल तर त्यालाही आहे, आणि अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडायची खात्रीची तपासणी आजही नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ वर भरवसा ठेवून चालत नाही, म्हणून अशा बायकांना अंडाशय आणि नळ्या काढून घ्यायचा सल्ला देतात. ५८व्या वर्षी पाळी गेलेली असते, त्यामुळे तिच्यासाठी हा निर्णय तुमच्या वयाच्या बाईपेक्षा पुष्कळ सोपा. आणि कधी आजार परत आला तर बीआरसीए बिघाड असणाऱ्यांसाठी ओलापरिबसारखी औषधं आहेत, बीआरसीएचं काम डीएनए दुरुस्त करायचं, ही औषधं त्या बिघडलेल्या दुरुस्तीचाच फायदा घेऊन कॅन्सरची पेशी मारतात. म्हणजे "माझ्यासाठी रक्त दे" असं न म्हणता "तुझ्यासाठी हे बघायचं राहून गेलंय" असं म्हणा. ते खरंही आहे. १५ वर्षांपूर्वी आपल्याकडे ही टेस्ट कुणी फारशी सुचवत नव्हतं.

एक तयारी मात्र ठेवा. जवळपास प्रत्येक आई कधी ना कधी हे बोलते. मागे एक बाई आल्या होत्या, नऊवारीतल्या, मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरलेली, मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह सांगितला तसं त्यांनी मला विचारलं, "म्हणजे माह्याच रक्तातून गेलं का हे तिच्याकडं?" मुलगी रडायला लागली. मी वंशावळीचा कागद त्यांच्यासमोर फिरवून ठेवला आणि त्यांच्या वडिलांच्या चौकोनावर बोट ठेवलं, त्या वडिलांच्या दोन बहिणी तरुणपणी गेल्या होत्या. म्हटलं, हे यांच्याकडून तुमच्याकडे आलं, यांच्याकडे कुणाकडून आलं ते माहीत नाही, आणि यातल्या कुणी काही केलं म्हणून आलं नाही. त्या बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबाले तर कधी सर्दी बी नाही झाली." तुमची आई पण असं काही म्हणेल, तेव्हा वादविवाद करू नका, तिच्या हातात असा कागद द्या.

लग्नाचं. डिसेंबरपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही, हे खरं आहे, ही इमर्जन्सी नाही. (गाठ हाताला लागली, निपल आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं तर मात्र लग्न असो नाहीतर काही, त्याच आठवड्यात डॉक्टर.) पण थांबणं वेगळं आणि लपवणं वेगळं. बहिणीलाही तुमच्याइतकाच निम्मा चान्स आहे, तिचा हक्क तुमच्याएवढाच आहे, आणि तिला काय वाटेल हे तुम्ही तिच्या वतीनं ठरवून टाकलंत हे मला पटलं नाही. मी अशी घरं पाहिलीत जिथं मोठीनं धाकटीला "त्रास नको" म्हणून चार वर्षं सांगितलं नाही आणि नंतर दोघींचं बोलणं तुटलं. सासरच्यांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तिचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं, त्यात तुम्ही-मी नाही. आज कुणाचाच बिघाड सापडलेला नाही, त्यामुळे सासरी सांगण्यासारखं मुळात काही नाहीच. बहिणीला मात्र इतकं सांगता येईल की आईची एक तपासणी राहिली होती, ती लग्नानंतर करून घेऊ. एवढ्यानं कुणाचं लग्न मोडत नाही.

व्हीयूएसबद्दल थोडक्यात, कारण त्यात खरंच फार काही नाही. जीनमध्ये एक बदल दिसला पण तो घातक आहे की नुसता माणसामाणसातला फरक हे अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो पॉझिटिव्ह नाही, "थोडा पॉझिटिव्ह" पण नाही. जगातल्या डेटाबेसमध्ये भरणा युरोपियन वंशाच्या लोकांचा, आपली माणसं कमी, म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये हा शब्द जास्त येतो. पुढं जास्त माहिती गोळा झाली की यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसवरून कुठलंही ऑपरेशन करायचं नाही, नातेवाइकांना टेस्टला पाठवायचं नाही. एका बाईला दुसऱ्या एका दवाखान्यात अशाच व्हीयूएसवर दोन्ही स्तन काढायची तारीख दिली होती, ती शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे मत घ्यायला आली म्हणून वाचली, तो बदल नंतर निरुपद्रवी म्हणून जाहीर झाला. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारा, वर्गवारी बदलली का, बास.

समजा आईमध्ये बिघाड निघाला. मग तुमची परत टेस्ट, पण अख्खं पॅनल नको, फक्त ती एक जागा, खर्च पुष्कळ कमी. बहिणीचीही तीच. मावशीच्या मुलांनाही सांगायला हवं, मुलगे असले तरी. ती जागा तुमच्यात नसेल तर तुमचा निगेटिव्ह त्या दिवशी पहिल्यांदा खरा निगेटिव्ह झाला. असेल तर आकडे ऐकून हादरू नका. २०१७ साली सुमारे १० हजार बायकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए-१ वाल्यांना ७२ टक्के आणि बीआरसीए-२ वाल्यांना ६९ टक्के निघाला, अंडाशयाचा ४४ आणि १७ टक्के. पण हे सगळं वयाच्या ८०व्या वर्षापर्यंतचं मिळून आहे, उद्याचं नाही, आणि त्यात बहुतेक बायका पाश्चात्त्य देशांमधल्या. बीआरसीए-१ मध्ये धोका तिशी-चाळिशीत झपाट्यानं वाढतो, बीआरसीए-२ मध्ये चाळिशी-पन्नाशीत, त्यामुळे तुमच्या वयात तपासणीचं वेळापत्रक लगेच लावून घ्यायचं. दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर सोबत मॅमोग्राफी, मुलंबाळं झाल्यावर बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय काढणं, बीआरसीए-२ असेल तर थोडं उशिरा. स्तन काढून टाकायचे का हा प्रश्न लोक पहिला विचारतात, २०१३ मध्ये अँजेलिना जोलीनं स्वतःचं जाहीर केल्यापासून तर प्रत्येकजण. त्यानं धोका खूपच कमी होतो हे खरं, पण दरवर्षी एमआरआय करत राहणं हाही तितकाच मान्य रस्ता आहे. आयुष्य तुमचं, शरीर तुमचं, मुलांना अंगावर पाजायचंय का, एमआरआयला दरवर्षी पैसा जमेल का, मनाला कुठलं झेपेल, यावर ते ठरतं, डॉक्टरनं घाई करायची नाही.

आणि आईमध्ये काहीच नाही निघालं तर? असं पुष्कळ घरांत होतं. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच अशा एका जीनच्या बिघाडानं होतात. मग मावशीच्या मुलाचं रक्त लावता येतं, कारण दोघी बहिणींचे आजार वेगवेगळ्या कारणांचे असू शकतात. मावशीचा जुना मेणाचा ब्लॉक (तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात तो) मिळाला तर त्यावरही प्रयत्न होतो, पण जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुटलेला असतो, हमी नाही. तिथंही काही नसेल तर घरचा इतिहास धरून तपासणी, आईला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, म्हणजे तुमच्यासाठी तेहतिशीपासून.

तोपर्यंत आज काय? सर्जनकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वर्षातून एकदा-दोनदा हातानं तपासून घ्या. याला लोक किरकोळ समजतात, पण मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं केलेल्या तपासणीनं पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. तुमच्या वयासाठी तसा पुरावा नाही, तुमच्या घरचा इतिहास मात्र आहे. सोनोग्राफी कधी लावायची हे डॉक्टर हात लावून बघितल्यावर ठरवतील.

इन्शुरन्सचं पण मनात असेल. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की सरसकट "जेनेटिक आजार" म्हणून क्लेम नाकारणं चालणार नाही. तरी आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून पॉलिसी घ्यायची राहिली असेल तर आईची टेस्ट व्हायच्या आधी घेऊन टाका, फॉर्मवर घरच्या आजाराबद्दल विचारलं तर खरं तेच लिहा.

आईचं मन तयार झालं की मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट किंवा जेनेटिक काउन्सेलर यांच्यामार्फतच टेस्ट लावा, परत किट नको. काउन्सेलर आता व्हिडिओवर पण भेटतात, मुंबईला जायलाच पाहिजे असं नाही. बीआरसीए-१, बीआरसीए-२ सोबत पीएएलबी-२ आणि टीपी-५३ हे स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेले आणखी दोन जीन पॅनलमध्ये आहेत का आणि मोठे तुकडे बघणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. जांभळ्या टोपणाची एक छोटी ट्यूब रक्त लागतं, उपाशीपोटी जायची गरज नाही. आईला सकाळी पोहे खाऊ घाला, चहा द्या आणि मग घेऊन जा. मावशीचे कागद मिळाले असतील तर ते पण त्याच पिशवीत टाका.